पाठलागाचं गणित

'द फ्युजिटिव्ह' (१९९३) या चित्रपटातला एक प्रसंग घेऊ. बायकोच्या खुनाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झालेला आणि मग निसटलेला डॉक्टर रिचर्ड किंबल शिकागोतल्या एका तुरुंगात कैद्याला भेटायला जातो. खऱ्या खुन्याला एक हात नव्हता, एवढाच धागा त्याच्याकडे आहे, आणि या कैद्यालाही एक हात नाही. हा तो नव्हे, हे कळताच किंबल जिन्याने खाली निघतो. त्याच्या मागावर असलेला मार्शल सॅम जेरार्ड त्याच जिन्याने वर येत असतो. दोघं एकमेकांना ओलांडतात. जेरार्डला शंका येते, तो मोठ्याने नाव घेऊन हाक मारतो, किंबल वळून बघतो आणि पळत सुटतो. पळता पळता तो वाटेतल्या पोलिसांना सांगतो, की तिकडे निळ्या कोटातला एक माणूस पिस्तूल घेऊन आरडाओरडा करतोय. पोलिस जेरार्डलाच अडवतात. तेवढ्या अवधीत किंबल बंद होणाऱ्या दारातून बाहेर पडतो. जेरार्ड गोळ्या झाडतो, पण काच बुलेटप्रूफ निघते. बाहेर सेंट पॅट्रिक्स डेची मिरवणूक चाललेली असते आणि किंबल त्या गर्दीत मिसळून जातो.

या प्रसंगात एकही गाडी उलटत नाही, स्फोट होत नाही, कुणी गच्चीवरून उडी मारत नाही. तरी बघणाऱ्याचा श्वास अडकतो, कारण दोन्ही माणसं डोकं चालवतायत आणि ते डोकं चालताना आपल्याला दिसतंय. पाठलागपटांची चर्चा निघाली की ती वेग, स्टंट आणि खर्चाभोवती फिरते. या जातीचे चांगले चित्रपट ओळीने पाहिले, तर वेग हा फक्त कच्चा माल असल्याचं ध्यानात येतं. चित्रपट हुशार ठरतो तो पळणाऱ्याच्या आणि पकडणाऱ्याच्या निर्णयांमुळे. करमणूक होते ती ते निर्णय प्रेक्षकाला स्वतः तपासून बघता येतात म्हणून. 'त्याच्या जागी मी काय केलं असतं?' हा प्रश्न जो चित्रपट दर पाच मिनिटांनी विचारायला लावतो, तो चांगला. या कसोटीवर जुन्या-नव्या चित्रपटांचा हा आढावा.

रुळांवरून आलेली कला

सिनेमा गोष्ट सांगायला शिकला, त्यात पाठलागाचा वाटा मोठा आहे. एडविन पोर्टरच्या 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'मध्ये (१९०३) दरोडेखोरांच्या मागे घोडेस्वार लागतात. डी. डब्ल्यू. ग्रिफिथने 'द लोन्ली व्हिला' (१९०९) आणि 'द लोनडेल ऑपरेटर' (१९११) या छोट्या मूकपटांतून समांतर संकलनाची पद्धत पक्की केली. इकडे संकटात सापडलेली माणसं, तिकडे मदतीला निघालेलं वाहन, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. आजही दर दुसऱ्या चित्रपटाचा शेवट याच पद्धतीने कापलेला असतो.

पण 'द लोनडेल ऑपरेटर'मधली लक्षात राहणारी गोष्ट धावत्या इंजिनाची नाही. रेल्वे स्टेशनात तारयंत्र सांभाळणारी तरुणी चोरांच्या तावडीत सापडते. ती दिवा घालवते आणि अंधारात हातातली चकाकणारी वस्तू चोरांवर रोखून धरते. मदत पोहोचेपर्यंत चोर पिस्तुलाच्या भीतीने जागचे हलत नाहीत. मग कॅमेरा जवळ जातो आणि कळतं, की तिच्या हातात साधा पाना आहे. १९११ साली, संवाद नसताना, दिग्दर्शकाला उमगलं होतं की इंजिन जोरात पळवून प्रेक्षक जागा राहील, पण खूश होईल तो पान्यावर.

बस्टर कीटनच्या 'द जनरल'ने (१९२६) याच्या पुढचा धडा दिला. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ साली झालेल्या इंजिनचोरीच्या खऱ्या घटनेवर तो बेतलेला आहे. रुळांवरच्या पाठलागात डावं-उजवं वळण नाही, पुढच्याला ओलांडून जाणं नाही. करता येण्याजोग्या गोष्टी मोजक्या: रुळांवर ओंडके टाका, मागचा डबा सोडून द्या, सांधा बदला. साधनं इतकी कमी असल्यामुळे प्रेक्षक कीटनच्या बरोबरीने विचार करू लागतो. अर्ध्या चित्रपटात नायक चोरांच्या मागे आहे, उरलेल्या अर्ध्यात चोर त्याच्या मागे आणि रूळ तेच. त्यामुळे परतीच्या वाटेवर प्रत्येक जागा ओळखीची वाटते. जवळजवळ नव्वद वर्षांनी जॉर्ज मिलरने 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मध्ये (२०१५) हाच आराखडा वाळवंटात मांडला: जा, आणि त्याच वाटेने परत ये.

कुणाला काय माहीत आहे?

आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं आणि टेबलाशी बसलेल्यांना सांगितलं नाही, तर त्यांच्या रटाळ गप्पाही प्रेक्षक जीव मुठीत धरून ऐकतो. पाठलागपट लिहिणाऱ्याचं निम्मं काम या वाटपात आहे. पळणाऱ्याला काय ठाऊक, पकडणाऱ्याला काय ठाऊक आणि खुर्चीतल्या माणसाला काय ठाऊक, हे तीन हिशेब वेगवेगळे ठेवावे लागतात.

'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मधला (१९५९) शेतातला प्रसंग या हिशेबाचा नमुना आहे. भेटीसाठी बोलावलेला रॉजर थॉर्नहिल ओसाड रस्त्यावर उभा आहे. चारी दिशांना सपाट जमीन. गाड्या येतात, जातात, कुणी थांबत नाही. दूर एक फवारणीचं विमान घिरट्या घालतंय. बसची वाट बघणारा एक माणूस सहज म्हणून जातो, की पीक नाही तिथे हे विमान फवारणी कसली करतंय. तो बसमध्ये चढतो आणि निघून जातो. संकट आलंय हे आपल्याला त्या एका वाक्यात कळतं आणि थॉर्नहिलला थोडं उशिरा. बर्नार्ड हरमनसारखा संगीतकार हाताशी असूनही या प्रसंगात हल्ला चालू असताना संगीत नाही. ऐकू येतो तो विमानाचा आवाज आणि पावलांचा. पार्श्वसंगीत सुरू होतं ते विमान तेलाच्या टँकरवर आदळल्यानंतर.

आपल्याकडे श्रीराम राघवन यांनी 'जॉनी गद्दार'मध्ये (२००७) हेच केलं. पाच भागीदारांत गद्दार कोण हे रहस्य शेवटपर्यंत ताणता आलं असतं. राघवन ते लवकर फोडतात. मग प्रत्येक दाराची घंटा, प्रत्येक फोन आपल्यालाच आलाय असं वाटू लागतं. गद्दार वाचावा असं वाटण्याइतपत प्रेक्षक त्याच्या बाजूला सरकतो आणि आपण कुणाची बाजू घेतली हे जाणवून ओशाळतो.

माहिती लपवायलाही हरकत नाही, पण तिचे नियम आहेत. पात्राला जे माहीत नाही ते प्रेक्षकापासून लपवणं सरळ व्यवहार आहे. पात्राला माहीत असलेली गोष्ट कॅमेऱ्याने लपवली, तर ती फसवणूक ठरण्याचा धोका असतो. सुजॉय घोष यांच्या 'कहानी'त (२०१२) विद्या बागचीचं गुपित तिला पहिल्यापासून ठाऊक आहे, आपल्याला नाही. तरी चित्रपट तरतो, कारण दुसऱ्यांदा पाहताना तिचं वागणं कुठेही खोटं पडत नाही. प्रत्येक प्रसंगाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही बसतात. शेवटच्या वळणासाठी आधीचे दोन तास मोडीत काढणारे चित्रपट ढिगाने सापडतील. त्यांची दुसरी खेप कुणी बघत नाही.

रस्ता कळला पाहिजे

पाठलागात मधलं अंतर समजलं नाही, तर उरतो तो गोंगाट. पीटर येट्सच्या 'बुलिट'मधला (१९६८) सान फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवरचा पाठलाग सुमारे अकरा मिनिटांचा आहे. त्याची सुरुवात मात्र संथ आहे. दोन गुंड डॉज चार्जर गाडीतून डिटेक्टिव्ह बुलिटच्या मागावर आहेत. रस्त्यांच्या वळणांत तो दिसेनासा होतो आणि मग गुंडांच्या आरशात मागून त्याची मस्टँग उगवते. पकडणारे पळणारे झाले, तेही एका शब्दाविना. चार्जरचा ड्रायव्हर सीटबेल्ट आवळतो, चाकं किंचाळतात, संगीत थांबतं. पुढे सगळा कारभार इंजिनांच्या आवाजावर. या चित्रपटासाठी संकलक फ्रँक केलर यांना ऑस्कर मिळालं. हौशी प्रेक्षकांनी एक गंमतही शोधून ठेवली आहे: एकच हिरवी फोक्सवॅगन या पाठलागात पुन्हा पुन्हा मागे टाकली जाते. म्हणजे तपशिलात चूक आहे. ती माफ होते, कारण कोण पुढे, कोण मागे आणि उतार किती, याबद्दल मनात कधी गोंधळ होत नाही.

विल्यम फ्रीडकिनच्या 'द फ्रेंच कनेक्शन'ने (१९७१) अडचण वाढवली. मारेकरी वरच्या पुलावरून जाणाऱ्या लोकलमध्ये, पोपाय डॉइल हा पोलिस खाली रस्त्यावर मोटारीत. गाडी कुठल्या स्टेशनला थांबेल, थांबेल की नाही, हे डॉइलला कळायला मार्ग नाही. त्याला एक डोळा वर ठेवायचाय आणि समोर ब्रुकलिनची रहदारी आहे. हे कोडं शाळकरी मुलालाही समजेल असं सोपं आणि सोडवायला महाकठीण आहे. गाजलेल्या पाठलागांमागे असं एका वाक्यात सांगता येणारं कोडं सापडतंच. 'स्पीड'मध्ये (१९९४) बसचा वेग ताशी ५० मैलांच्या खाली आला की बॉम्ब फुटणार. टॉम टिकवरच्या 'रन लोला रन'मध्ये (१९९८) लोलाला वीस मिनिटांत एक लाख मार्क उभे करायचे आहेत.

'फ्युरी रोड'मध्ये शॉट अतिशय तुटक आहेत, तरी डोळे थकत नाहीत. मिलर आणि छायालेखक जॉन सील यांनी महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मध्यभागी ठेवण्याचा नियम पाळला. शॉट बदलला तरी नजरेला शोधाशोध करावी लागत नाही. मार्गारेट सिक्सेल यांना या संकलनासाठी ऑस्कर मिळालं, ते योग्यच होतं. उलट 'बॉर्न' मालिकेच्या यशानंतर हलता कॅमेरा आणि अर्ध्या सेकंदाचे शॉट यांची जी लाट आली, तिच्यातल्या बऱ्याच चित्रपटांनी त्या मालिकेचा दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रासचा थरथराट उचलला आणि त्यामागचा हेतू सोडून दिला. कोणी कुणाला कुठे मारलं हे कळत नसेल, तर संकलकाने गोंधळ लपवलाय असं खुशाल समजावं.

पकडणारा शहाणा हवा

या जातीच्या चित्रपटांचं भवितव्य पळणाऱ्यापेक्षा पकडणाऱ्यावर अधिक ठरतं, असं माझं मत आहे. मूर्ख पोलिसांच्या हातून निसटण्यात कसलं कर्तृत्व? 'द फ्युजिटिव्ह' मुळात १९६३ ते १९६७ या काळात चाललेली दूरचित्रवाणी मालिका. तिच्यावरचा चित्रपट तीस वर्षांनीही टिकला तो टॉमी ली जोन्सच्या जेरार्डमुळे. सहायक अभिनेत्याचं ऑस्करही त्यालाच मिळालं. किंबलच्या फोनची टेप जेरार्डची माणसं पुन्हा पुन्हा ऐकतात. मागच्या आवाजांतून पुलावरच्या लोकल गाडीची खूण पटते आणि पळालेला माणूस स्वतःच्याच शहरात परतलाय, हे त्यांच्या ध्यानात येतं. किंबल निर्दोष आहे की नाही याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, अशी जेरार्डची सुरुवातीची भूमिका आहे. माग काढता काढता तोच पुरावे बघत जातो आणि त्याचं मत बदलत जातं. त्याची हुशारीच शेवटी किंबलला वाचवते. ही रचना दिसायला साधी आहे, जमायला फार अवघड.

कोएन बंधूंच्या 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'मध्ये (२००७) पकडणारा अँटन शिगर आहे आणि त्याच्याकडून दयेची अपेक्षा नाही. पैशांची बॅग घेऊन पळालेला मॉस एका हॉटेलच्या खोलीत पडल्या पडल्या विचार करतो, की हा माणूस दरवेळी आपल्यापर्यंत पोहोचतो कसा. तो नोटांची बंडलं उपसतो आणि आतलं माग दाखवणारं यंत्र त्याला सापडतं. कोडं सुटलं, पण उशिरा. तो खाली फोन लावतो, कुणी उचलत नाही. दाराखालच्या फटीत बाहेरच्या दिव्याची रेघ आहे, तिच्यात कुणाच्या तरी पावलांची सावली येते आणि जाते. मग बाहेरचा दिवाच मालवतो. मॉस बंदूक रोखून बसलेला आणि आपण त्याच्याबरोबर त्या फटीकडे बघत बसलेलो. ही सारी आपत्ती सुरू झाली ती मॉस मरणाऱ्या एका माणसाला पाणी द्यायला परत गेला म्हणून. त्याची चूकही त्याच्या स्वभावातून आलेली आहे, लेखकाच्या सोयीसाठी नाही.

पकडणाऱ्याचा चेहराच नसेल तर? स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'ड्युएल'मध्ये (१९७१) एका साध्या विक्रेत्याच्या मोटारीमागे गंजका टँकर लागतो. का, ते कळत नाही. ड्रायव्हरचा चेहरा दिसत नाही. रस्त्याकडेच्या खानावळीत नायक बसलेला असतो आणि बाहेर टँकर उभा असतो. म्हणजे तो ड्रायव्हर इथेच बसलेल्यांपैकी कुणीतरी आहे. नायकाने पूर्वी त्याचे फक्त बूट पाहिलेत. तो एकेकाचे बूट बघत जातो आणि नेमका भलत्याच माणसावर आळ घेतो. वाहनं जागची हलत नाहीत, तरी चित्रपटातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच.

आणि ज्यात कुणी धावतच नाही असा पाठलाग म्हणजे 'दृश्यम'. जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम चित्रपट २०१३ चा. निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये तो हिंदीत गोव्याच्या पार्श्वभूमीवर केला. चौथी शिकलेला केबलवाला विजय साळगावकर पोलिसांच्या दोन पावलं पुढे राहतो, ते चित्रपट बघून कमावलेल्या अकलेवर. घरच्यांच्या हातून एका मुलाचा मृत्यू झाल्यावर, २ आणि ३ ऑक्टोबरला आपण कुटुंबासह पणजीत होतो, हे तो साक्षीदारांच्या तोंडून वदवून घेतो. साक्षीदार खोटं बोलत नाहीत, ही खरी गोम. पोलिस महानिरीक्षक मीरा देशमुखला हे उमगतं: माणसांच्या आठवणी खऱ्या आहेत, त्यांच्यावर चिकटवलेली तारीख खोटी आहे. तिला सगळं कळलंय आणि ती काहीच सिद्ध करू शकत नाही. तब्बूच्या चेहऱ्यावर ते कळणं दिसतं, तेव्हा विजयची हुशारी दुप्पट मोठी होते.

पोलिसांत का जात नाही?

प्रेक्षकाचा पहिला आक्षेप हाच असतो आणि जो लेखक त्याला उत्तर देत नाही त्याचा चित्रपट तिथेच फसतो. हिचकॉकच्या 'द थर्टी नाइन स्टेप्स'मध्ये (१९३५) रिचर्ड हॅने खरोखरच अधिकाऱ्याकडे जाऊन सगळं सांगतो. अधिकारी ऐकून घेतो आणि त्यालाच अडकवतो, कारण खरा गुन्हेगार गावातला प्रतिष्ठित गृहस्थ आहे. दार ठोठावून झालं, ते बंद निघालं, आता पळण्यावाचून गत्यंतर नाही. पुढे हॅने एका सभागृहात घुसतो, लोक त्याला पाहुणा वक्ता समजतात आणि जीव वाचवण्यासाठी त्याला भाषण ठोकावं लागतं. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये याचंच भावंड आहे. लिलावात गुंडांनी घेरलेला थॉर्नहिल वेड्यासारख्या बोली लावतो, धिंगाणा घालतो आणि पोलिसांकडून स्वतःला अटक करवून घेतो. लपायची उत्तम जागा म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, हे सूत्र 'कहानी'नेही वापरलं. दुर्गापूजेच्या शेवटच्या दिवशी लाल काठाच्या पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांच्या लोंढ्यात विद्या नाहीशी होते. ही युक्ती कोलकात्याच्या मातीतली आहे, म्हणून ती उसनी वाटत नाही.

मार्टिन प्रक्काट यांच्या 'नायट्टू'ने (२०२१) या प्रश्नाला सर्वांत कडू उत्तर दिलं. यात पळणारे तिघंही पोलिसच आहेत. एका अपघातात दलित तरुणाचा मृत्यू होतो, निवडणुका तोंडावर असतात आणि सरकारला बळीचे बकरे हवे असतात. यंत्रणा कशी काम करते हे त्या तिघांना पाठ आहे, कारण कालपर्यंत ते तिचाच भाग होते. आपल्यावर कोणती कलमं लागतील, आपल्या घरच्यांना कसं छळलं जाईल, हे सगळं त्यांना आधीच कळतं. ज्ञान असूनही सुटका नाही, यातून येणारी घुसमट नुसत्या धावपळीतून येत नाही.

योगायोगाबद्दल पटकथाकारांचा एक जुना दंडक आहे: योगायोगाने नायक संकटात पडावा, पण संकटातून सुटू नये. दंडक चांगला, पण त्याला पळवाटही आहे. 'थर्टी नाइन स्टेप्स'मध्ये गोळी लागूनही हॅने वाचतो, कारण कोटाच्या खिशात प्रार्थनेचं पुस्तक असतं. हा निव्वळ नशिबाचा भाग. पण तो कोट एका शेतकऱ्याच्या बायकोने, नवऱ्याचा मार खाण्याची तयारी ठेवून दिलेला असतो. त्या नशिबाची किंमत कुणीतरी मोजलेली आहे, म्हणून ते फुकटचं वाटत नाही.

मोबाइल आल्यावर

टॉवरचं लोकेशन, सीसीटीव्ही, एटीएमच्या नोंदी यांनी पळून जाणं जवळपास अशक्य केलं. काही लेखकांनी यावर 'रेंज नाही' आणि 'बॅटरी संपली' हे दोन आळशी उपाय काढले. हुशार लेखकांनी यंत्रालाच सोंगटी केलं. 'द बॉर्न अल्टिमेटम'मध्ये (२००७) लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर एका पत्रकाराला बॉर्न फोनवरून चालवतो: थांब, आता वाक, डावीकडच्या घोळक्यात मिसळ. कॅमेरे कुठे बघतायत हे बॉर्नला कळतं, म्हणून ते कुठे बघत नाहीत हेही कळतं. पत्रकार घाबरून एकदाच सूचना मोडतो आणि संपतो. 'दृश्यम'मध्ये मृत मुलाचं सिमकार्ड घातलेला फोन चालत्या ट्रकमध्ये टाकला जातो. तपास यंत्रणा ज्या पुराव्यावर डोळे झाकून भरवसा ठेवते, तोच पुरावा राज्याबाहेर फिरायला निघतो. तंत्रज्ञानाने पाठलागपट मारला, ही तक्रार म्हणून खरी नाही.

धाप लागते तेव्हा

हिंदी चित्रपटातला माझ्या मते सर्वांत खरा पाठलाग अनुराग कश्यप यांच्या 'ब्लॅक फ्रायडे'मध्ये आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या तपासावरचा हा चित्रपट न्यायालयीन अडथळ्यांमुळे रखडला आणि २००७ मध्ये झळकला. पोलिस इम्तियाज घवटे नावाच्या संशयितामागे लागतात. धारावीच्या गल्ल्या, गटारं, पत्रे, पाइपलाइन. पहिली काही मिनिटं हा नेहमीचा पाठलाग वाटतो. मग पोलिसांना धाप लागते. इम्तियाजलाही लागते. पोट सुटलेला हवालदार कमरेवर हात ठेवून थांबतो. धावण्याचं चालणं होतं, पोलिस दमलेल्या आवाजात त्याला नावाने हाका मारू लागतात. हसू येतं आणि हसता हसता जाणवतं की हे दोन्हीकडचे लोक एकाच मुंबईतले, सारखेच थकलेले आहेत. डॅनी बॉयलने 'स्लमडॉग मिल्यनेअर'च्या सुरुवातीच्या पाठलागावर याचा प्रभाव असल्याचं मान्य केलं आहे. शरीर थकतं ही साधी गोष्ट आपले बहुतेक नायक विसरतात. जो कधी दमत नाही, त्याची काळजी कोण करणार?

थकव्याइतकीच किंमतही दिसावी लागते. 'फ्रेंच कनेक्शन'चा डॉइल जिन्यावर मारेकऱ्याच्या पाठीत गोळी घालतो. शेवटी त्याच्या हातून सहकारीच मारला जातो आणि मुख्य गुन्हेगार निसटतो. पाठलागाची नशा माणसाला कुठे नेते, हे फ्रीडकिनने गोड करून सांगितलं नाही.

आणि मराठी?

मराठी माणसाला पाठलाग नवा नाही. १६६० च्या जुलैमधली पन्हाळा ते विशाळगड ही रात्र एकदा पटकथा म्हणून वाचून बघा. वेढा फोडून निसटणं, शिवा काशिदांची दुसरी पालखी, त्यांनी प्राण देऊन मिळवून दिलेला वेळ, मागावर असलेला सिद्दी मसूद, पावसातली वाट, मोजके लोक मोठ्या फौजेला अडवू शकतील अशी खिंड, आणि विशाळगडावरून येणाऱ्या तोफांच्या आवाजाची वाट बघणारे बाजीप्रभू. चकवा, भूगोल, घड्याळ, किंमत असं सगळं त्यात आहे. दिग्पाल लांजेकर यांच्या 'पावनखिंड'ने (२०२२) ही कथा पडद्यावर आणली आणि प्रेक्षकांनी ती उचलून धरली. चित्रपटाचा भर शौर्याच्या गौरवावर आहे, तो समजण्यासारखा आहे. पण मसूद या क्षणी किती मागे आहे, हा प्रश्न त्यात फारसा छळत नाही. त्या रात्रीचं गणित मांडणारा चित्रपट अजून व्हायचाय.

कामत यांचाच 'डोंबिवली फास्ट' (२००५) हा मराठीतला या वाटेने गेलेला ठळक चित्रपट. नियमाने जगणारा माधव आपटे एक दिवस बिथरतो आणि शहरभर पोलिसांना पळायला लावतो. त्याच्या मागावरच्या अधिकाऱ्यालाही त्याचं म्हणणं पटू लागतं, तिथे चित्रपट नुसत्या धरपकडीच्या वर जातो.

मराठीतला सर्वोत्तम पाठलाग मात्र थरारपटात नाहीच. तो नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) आहे आणि तो एका डुकराचा आहे. जब्याचं कुटुंब गावादेखत डुकराच्या मागे धावतंय, लोक हसतायत, बघे जमलेत. पकडणाऱ्यानेच लपायचं, ही या पाठलागातली उलटी गोष्ट: शाळेतल्या शालूने आपल्याला बघू नये म्हणून जब्या आडोसे शोधतोय. डुक्कर हाताशी येतं आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. सगळं कुटुंब ताठ उभं राहतं, डुक्कर निघून जातं. आधी हसू फुटतं आणि लगेच ते घशात अडकतं. कुणाला काय माहीत, कोण कुठे उभं आहे, कुणाला काय गमवावं लागणार, हे सगळे हिशेब इथे चोख आहेत. मंजुळे यांच्याच 'सैराट'ने (२०१६) पाठलाग संपल्याचा भरवसा देऊन तो संपलेला नव्हता हे अखेरीला दाखवलं, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

मराठी निर्माते या प्रकारापासून लांब राहतात त्याचं कारण विचारलं की पैशाकडे बोट दाखवलं जातं. हे कारण पटत नाही. 'ड्युएल' दूरचित्रवाणीसाठी दोन आठवड्यांच्या आत चित्रित झाला, एक मोटार आणि एक टँकर घेऊन. लोकेश कनगराज यांचा तमिळ 'कैथी' (२०१९) एका रात्रीत आणि मुख्यतः एका ट्रकभोवती घडतो, त्यात नायिका नाही, गाणी नाहीत. 'नायट्टू'त तीन माणसं आणि डोंगर आहेत. आपल्याकडे घाट आहेत, एसटीची आगारं आहेत, मुंबईची लोकल आहे, आषाढीची वारी आहे. कमी आहे ती पटकथेच्या टेबलावर घालवलेल्या महिन्यांची. मराठी निर्मात्यांनी ड्रोनच्या भाड्याचे पैसे वाचवून ते लेखकाला द्यावेत, आणि लेखकाने नायकाच्या आधी त्याला पकडणारा माणूस लिहायला घ्यावा.